गावात छोटा उद्योग उभा करताना: आधी बँक आणि पोस्ट, मग अनुदान

गावात काही सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सध्या कुठली योजना चालू आहे आणि किती टक्के सूट आहे?" माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. अनुदान सगळ्यात शेवटी येतं. तेही हातात पडत नाही, कर्जखात्यात वळतं होतं. त्याआधी कर्ज मंजूर व्हावं लागतं, माल विकावा लागतो, हप्ते भरावे लागतात. या सगळ्याला रोज उपयोगी पडतात दोन ठिकाणं: जवळची बँक शाखा आणि गावातलं शाखा डाकघर. त्यांच्याशी नीट जुळवून घेतलं की योजनेचं काम बरंच सोपं होतं. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: गावात मिरची कांडप आणि मसाल्याचा छोटा उद्योग, खर्च 4 लाख रुपये, चालवणारी बचत गटातली एक महिला. तुमचा धंदा तेलघाणा, पापड, शिवणकाम किंवा वेल्डिंगचा असेल तरी पायऱ्या बहुतेक त्याच राहतात.

पहिली पायरी: खाती आणि जुनी देणी तपासा

अर्ज फेटाळला जाण्याचं एक नेहमीचं कारण कोणी आधी तपासतच नाही. ते म्हणजे जुनं थकीत कर्ज. मायक्रोफायनान्सच्या गटातलं अर्धवट राहिलेलं कर्ज, हप्त्यावर घेतलेला मोबाइल, कोणाला तरी जामीन राहिल्याची सही, हे सगळं पतमाहिती अहवालात दिसतं. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो आधी काढा. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या कंपनीच्या पोर्टलवर तक्रार करून दुरुस्त करून घ्या. फेडलेलं कर्ज "थकीत" दिसत असेल तर त्या संस्थेकडून नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा, दाखला आणा. नवऱ्याचं पीककर्ज थकलेलं असेल तर तेही व्यवस्थापक विचारणार, त्यामुळे त्याचं उत्तर तयार ठेवा.

दुसरं, बँक खातं जिवंत हवं. जनधन खातं 2014 पासून बऱ्याच घरांत आहे, पण त्यात फक्त योजनेचे पैसे येतात आणि त्याच दिवशी निघतात. अशा खात्यावरून बँकेला काहीच कळत नाही. घरगुती पातळीवर आत्ताच जे विकता, चटणी असो की मसाला, त्याची रक्कम सहा महिने तरी खात्यातून फिरवा. रोखीने आलेले पैसे भरा, गिऱ्हाइकाला क्यूआर दाखवा. सहा महिन्यांचं असं स्टेटमेंट चकचकीत प्रकल्प अहवालापेक्षा जास्त काम करतं.

विदर्भ आणि कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. पासबुक, चेकबुक किंवा कुठल्या नोंदणीत जुनं नाव, जुना आयएफएससी राहिला असेल तर शाखेत विचारून दुरुस्त करा. खात्याचा तपशील जुळला नाही की पैसे अडकतात.

आणि बचत कुठे ठेवता याचाही विचार करा. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका यांच्यातल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. गावोगावच्या पतसंस्थांना ते नाही. उद्योगासाठी जमवलेला स्वतःचा हिस्सा जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत अडकवू नका.

दुसरी पायरी: अनुदान शून्य धरून हिशेब मांडा

4 लाखांत कांडप यंत्र, पल्व्हरायझर (बारीक दळायचं यंत्र), मिरची-धणे भाजायचं यंत्र, पाकीट बंद करायचं सीलिंग मशीन, वजनकाटा, वीजजोडणी आणि पहिल्या फेरीचा कच्चा माल बसवायचा आहे. स्वतःचे 20 हजार आणि बँकेचे 3 लाख 80 हजार. व्याज 11 टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साधारण 8,260 रुपये येतो.

आता हा हप्ता कशातून निघणार? समजा कांडपाच्या मजुरीतून वीज, दुरुस्ती आणि माणसाचा पगार जाऊन किलोमागे 15 रुपये उरतात. मग महिन्याला 550 किलो दळण हवं. उन्हाळ्यात हे सहज होतं. फेब्रुवारीपासून मे अखेरीपर्यंत गावागावात वर्षाचं तिखट करायची लगबग असते आणि गिऱ्हाईक रांगेत पिशव्या ठेवून जातं. पण जूनचा पहिला पाऊस पडला की यंत्र थांबतं. हप्ता मात्र थांबत नाही. जुलै ते जानेवारी काय करणार, याचं उत्तर सापडलं नाही तर कर्ज घेऊच नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

उत्तरं असतात. हंगामात ब्याडगी आणि गुंटूर मिरची घेऊन ठेवायची, नीट वाळवून कोरड्या जागी साठवायची आणि वर्षभर थोडं थोडं तिखट, कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला पाकिटात भरून विकायचा. दिवाळीच्या आधी भाजणीची पिठं करायची. त्यासाठी मात्र खेळतं भांडवल जास्त लागतं, म्हणून ते प्रकल्प खर्चात सुरुवातीलाच धरा. "मशीन घेऊ, मालाचं नंतर बघू" असं म्हणणाऱ्यांची यंत्रं कापडाखाली झाकून पडलेली असतात. बँकेकडे सुरुवातीचे काही महिने हप्त्यातून सवलत मागता येते आणि हप्त्यांची आखणी हंगामाप्रमाणे करता येईल का, हेही विचारता येतं. मात्र हे मंजुरीच्या आधी बोलायचं. एकदा सही झाली की बदल करून घेणं अवघड जातं.

तिसरी पायरी: आपल्याला बसणारी एकच योजना निवडा

योजनांची यादी फार लांब आहे. गावातल्या छोट्या उद्योगाला खरोखर उपयोगी पडतात त्या मोजक्याच.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, 2008 पासून चालत आलेला आहे. जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी व ग्रामोद्योगची कार्यालयं तो राबवतात. उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला 25 टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा 10 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना 35 टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त 5 टक्के. आपल्या उदाहरणात 35 टक्के म्हणजे 1 लाख 40 हजार. उद्योग नवीनच हवा आणि नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो. उत्पादनात 10 लाखांच्या किंवा सेवेत 5 लाखांच्या वरचा प्रकल्प असेल तर अर्जदार किमान आठवी पास लागतो. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. त्याची घडण बरीचशी अशीच आहे आणि तोही जिल्हा उद्योग केंद्र व खादी ग्रामोद्योग मंडळामार्फतच मिळतो. जिल्ह्यात कुठल्या योजनेचं उद्दिष्ट शिल्लक आहे ते तिथेच कळतं, म्हणून एकाच खेपेत दोन्हींची चौकशी करा.

खाण्याच्या पदार्थाचा उद्योग असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, म्हणजे पीएमएफएमई, नक्की पाहा. ती जून 2020 मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात कृषी विभाग ती राबवतो. यात 35 टक्के अनुदान सगळ्यांना, कमाल 10 लाख. स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के. आधीपासून चालू असलेला उद्योग वाढवायलाही ती चालते, ही पीएमईजीपीपेक्षा मोठी सोय आहे. मात्र अनुदान यंत्रं आणि बांधकामावर मिळतं, खेळत्या भांडवलावर नाही. बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्यांना प्रत्येकी 40 हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे आणि ते बचत गटांसाठीच्या "उमेद" या सरकारी अभियानाच्या साखळीतून येतं. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल, अर्ज, बँकेकडचा पाठपुरावा यांत त्या मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. तुम्ही द्यायचं काहीच नसतं. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे नाव आणि फोन मागा.

मुद्रा कर्जात अनुदान नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. "मुद्राची सूट" असं जे गावात बोलतात ते चूक आहे. शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत, तरुणमध्ये 10 लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंतही मिळू शकतं. वेळ कमी आणि गरज छोटी असेल तर हा मार्ग बरा.

सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, गवंडी अशा 18 पारंपरिक व्यवसायांसाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अवजारांसाठी 15 हजार रुपये, प्रशिक्षण, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज. नोंदणी सेवा केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. मराठा समाजातले आणि ज्यांच्यासाठी वेगळं महामंडळ नाही असे अर्जदार अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्याची चौकशी करू शकतात.

पीएमईजीपी आणि पीएमएफएमई यांची मंजुरी 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतची होती. त्यामुळे कागद गोळा करण्याआधी नवे अर्ज कुठल्या अटींवर घेतले जात आहेत ते कार्यालयात समक्ष विचारा. आणि एकाच यंत्रावर दोन योजनांचं अनुदान घ्यायचा प्रयत्न करू नका. ते पडताळणीत उघडं पडतं.

चौथी पायरी: पोर्टलवर अर्ज टाकण्याआधी शाखेत जाऊन बसा

बहुतेक जण उलटं करतात. सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरतात, बँकेचं नाव यादीतून कुठलंही निवडतात आणि मग महिनाभराने "अर्ज बँकेकडे प्रलंबित" असं दिसतं. ज्या शाखेत तुमचं खातं आहे, जी तुमच्या गावाला कर्ज देते, तिथे आधी जा. सोमवार टाळा, महिनाअखेर टाळा, सकाळी रोकड उघडायची वेळ टाळा. दुपारी चारच्या सुमारास व्यवस्थापकाला बोलायला सवड असते.

सोबत एक पान न्या, जाड फाईल नको. त्यात काय बनवणार, कुठे विकणार, खर्च किती, महिन्याला किती उरेल आणि पावसाळ्यात काय, एवढंच असावं. बोलणं साधं ठेवा: "साहेब, माझं खातं इथेच आहे. गावात मसाल्याचं काम घरी करतेच, त्याचं स्टेटमेंट आणलंय. आता यंत्र घ्यायचं आहे. आपल्या शाखेकडून शक्य असेल तर अर्जात हीच शाखा टाकते." व्यवस्थापकाला चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: काम तुम्हीच करणार की नावापुरत्या आहात, माल घेणारं कोणी आहे का, आधीचं कर्ज कसं फेडलं, आणि धंदा बसला तर हप्ता कुठून येणार. शेवटच्या प्रश्नाला घाबरू नका. दूध, घरातला पगार, शेतीचं उत्पन्न, जे खरं असेल ते सांगा.

तारणाचा विषय निघेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने जमीन-घर तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अशा कर्जांना सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीचं कवच असतं. कर्जातून घेतलेलं यंत्र बँकेकडे गहाण राहतं, ते वेगळं. हे शांतपणे आणि आदराने सांगा. वाद घालून शाखेतून कर्ज मिळत नाही.

शाखेला नवीन उद्योजकाबद्दल खात्री वाटावी म्हणून प्रशिक्षणाचा फार उपयोग होतो. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचं काम जुळवणाऱ्या बँकेची) ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. प्रमाणपत्र तर मिळतंच, पण बँकेची माणसंही तिथे भेटतात आणि नंतर कर्जासाठी पाठपुरावाही तीच संस्था करते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रमही चांगले असतात.

पाचवी पायरी: कागद

आधार, पॅन, फोटो, शाळेचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला. जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा भाडेकरार, आणि उद्योगासाठी ना हरकत दाखला. गाव ग्रामीण भागात येतं याचा दाखला. यंत्रांची दरपत्रकं जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याकडून. प्रकल्प अहवाल. सगळ्या कागदांवर नाव सारखं आहे ना, ते आधी बघा. लग्नाआधीचं नाव शाळेच्या दाखल्यावर, नंतरचं आधारवर आणि पॅनवर आणखी तिसरं, यात महिलांचे महिने जातात. राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखल्याने हे आधीच निस्तरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी, फुकट आहे, आधार आणि पॅनवर काही मिनिटांत होते. इंटरनेटवर तिच्यासाठी पैसे घेणारी सरकारीसारखी दिसणारी पानं भरपूर आहेत, तिथे एक रुपयाही देऊ नका. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. छोट्या उद्योगाची मूलभूत नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते. तो 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो, म्हणून पाकिटं छापून घेण्याच्या आधी नोंदणी करा. वीजभार किती लागेल ते यंत्र विकणाऱ्याकडून लिहून घ्या आणि महावितरणकडे वेळेत अर्ज करा. यंत्र येऊन पडलंय आणि थ्री फेज नाही, असं फार ठिकाणी होतं.

सहावी पायरी: अर्ज, मंजुरी आणि अनुदानाचा प्रवास

अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो आणि तो भरायला कुठलीही सरकारी फी नाही. मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको. अर्जाचा क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. "फाईल मी करून देतो, सुटलेल्या अनुदानातले दहा टक्के माझे" असं म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. त्याच्या हातात कोरे धनादेश किंवा ओटीपी गेला तर पुढचं सगळं त्याच्या हातात गेलं.

पीएमईजीपीत कार्यालय छाननी करून अर्ज बँकेकडे पाठवतं. बँक मंजुरी देते, प्रकल्पाच्या आकाराप्रमाणे उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, तुम्ही आपला हिस्सा भरता, कर्जाचा पहिला हप्ता थेट यंत्र विक्रेत्याला जातो आणि मग बँक अनुदानाची मागणी करते. ते आलं की तुमच्या नावे तीन वर्षांची ठेव होते. या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँकेने व्याजही लावायचं नसतं. हे कलम फार थोड्यांना माहीत असतं. अनुदान जमा झाल्यावर कर्जखात्याचा उतारा काढा आणि व्याज कमी झालेल्या रकमेवर लागतंय का ते स्वतः बघा. झालं नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या.

सातवी पायरी: गावातलं पोस्ट कामाला लावा

माझ्या दृष्टीने हाच भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. शहरापासून पन्नास किलोमीटरवर बऱ्याचदा खासगी कुरिअर येत नाही, पण शाखा डाकघर असतं. अनेकदा ते शाखा पोस्टमास्तरांच्या घराच्या पुढच्या खोलीत किंवा ग्रामपंचायतीच्या एका कोपऱ्यात असतं: एक टेबल, वजनकाटा, शिक्का, मोबाइल आणि अंगठ्याचं यंत्र. ग्रामीण डाक सेवकांचं काम दिवसातले चार-पाच तासच असतं आणि टपालाची थैली ठरलेल्या वेळी वरच्या डाकघरात जाते. पार्सल त्या वेळेच्या आधी पोहोचलं तर एक दिवस वाचतो. म्हणून पहिलं काम म्हणजे थैली निघायची वेळ विचारून घेणं.

तिखटाचं पार्सल कसं बांधावं ते नीट शिकून घ्या. 200 किंवा 500 ग्रॅमची पाकिटं जाड लॅमिनेटेड पिशवीत, दुहेरी सील मारून. ती सगळी मिळून एका मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत, तोंड टेपने बंद. मग खोका, मोकळी जागा कागदाने गच्च भरलेली, कारण हलणारं पाकीट कोपऱ्यावर फुटतं आणि एक फुटलं की आख्ख्या थैलीतलं टपाल खराब होतं. खोका मालाच्या मापाचाच घ्या. मोठ्या खोक्यात हलका माल टाकला तर आकारमानाप्रमाणे जास्त दर लागू शकतो. तेलकट लोणचं बरणीत पाठवायचं असेल तर झाकणाखाली सील हवंच, आणि तरीही मी सुरुवात कोरड्या मालापासूनच करायला सांगेन. पत्त्यावर पिनकोड आणि घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक ठळक लिहा. पावतीवरचा 13 अक्षरांचा क्रमांक गिऱ्हाइकाला लगेच पाठवा, त्यावरून पार्सल कुठे आहे ते दिसतं.

1 सप्टेंबर 2025 पासून देशातलं रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये मिसळलं आहे, त्यामुळे जुने दर डोक्यात ठेवून किंमत ठरवू नका. आजचा दर विचारा आणि मालाच्या किमतीत धरा. आठवड्याला बरीच पार्सलं जायला लागली की विभागीय डाक कार्यालयातल्या विपणन कर्मचाऱ्यांना भेटा. नियमित पाठवणाऱ्यांसाठी करार आणि सवलती असतात. माल पोहोचल्यावर पैसे घेण्याची सोय तुमच्या सेवेवर मिळते का, तेही तिथेच कळेल. गोव्यातल्या उद्योजकांनाही हीच वाट आहे, कारण गोवा महाराष्ट्र डाक परिमंडळातच येतो.

परदेशातल्या मराठी माणसांकडून मसाल्याला मागणी असते. त्यासाठी डाकघर निर्यात केंद्रं आहेत. आयात-निर्यात कोड 500 रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि सीमाशुल्काचे कागद पोस्टाच्या पोर्टलवरूनच भरता येतात. त्या देशात खाद्यपदार्थ पोस्टाने न्यायला परवानगी आहे का, हे मात्र प्रत्येक वेळी तपासा.

आता पैशांची बाजू. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक 1 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली. पोस्टमन घरी येऊन खातं उघडतो, आधारशी जोडलेल्या कुठल्याही बँकेच्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढून देतो, बिल भरतो. दुकानासाठी तिचा क्यूआर घेता येतो. तिला स्वतः कर्ज देता येत नाही आणि दिवसअखेर खात्यात 2 लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. पोस्टाचं बचत खातं जोडलं तर वरची रक्कम तिकडे वळते. म्हणजे रोजची विक्री इथे आणि कर्ज बँक शाखेत, अशी विभागणी ठीक बसते. महिन्याच्या हप्त्याची रक्कम आधीच कर्जखात्याच्या शाखेकडे पाठवायची सवय लावा.

गावातला बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने गावात पैशांचे व्यवहार करून देणारा प्रतिनिधी, हाही उपयोगी माणूस आहे. फक्त अंगठा लावताना तीन गोष्टी पाळा. रक्कम पडद्यावर स्वतः वाचा. "सर्व्हर डाउन आहे, पुन्हा अंगठा लावा" असं सांगितलं तर आधीचा व्यवहार फसल्याची पावती मागा. आणि मोबाइलवर संदेश येईपर्यंत तिथून हलू नका. ज्यांना अंगठ्याचे व्यवहार क्वचितच लागतात त्यांनी आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

आठवी पायरी: अडलं तर कुठे जायचं

25 लाखांपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योग कर्जाच्या अर्जावर बँकेने 14 कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायचं असतं. कागद अपुरे असतील तर हे दिवस मोजले जात नाहीत, म्हणून कागद दिल्याची पोच घ्या. तोंडी "बघू" यावर महिने घालवू नका. आधी शाखेत लेखी अर्ज, मग जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे. बँकांच्या जिल्हा बैठकांत योजनांचे प्रलंबित अर्ज मांडले जातात, त्यामुळे त्यांच्याकडे अर्ज क्रमांकासह गेलं तर हालचाल होते. बँकेला तक्रार देऊन 30 दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी 14448. पोस्टाच्या पार्सलची तक्रार 1800 266 6868 वर किंवा पोस्टाच्या संकेतस्थळावर पावतीच्या क्रमांकासह करा.

शेवटची पायरी: तीन वर्षं

अनुदानाची ठेव तीन वर्षं अडकलेली असते, आणि त्या काळात कोणी तरी येऊन उद्योग चालू आहे का ते पाहणार. दारावर योजनेचं नाव असलेला फलक लावा. यंत्राची पावती, वीजबिलं, खरेदी-विक्रीची वही आणि पोस्टाच्या पावत्या एका पिशवीत वर्षाप्रमाणे ठेवा. यंत्र विकू नका. जागा बदलायची असेल तर आधी बँकेला आणि कार्यालयाला कळवा. पडताळणीला माणूस येतो तेव्हा यंत्र बंद असेल, कारण पावसाळा आहे, तर पाकिटांची विक्री आणि पार्सलच्या पावत्या दाखवा. बारा महिने काम चालतं, याचा पुरावा त्यातच असतो. तीन वर्षं पुरी झाली की स्वतः शाखेत जाऊन अनुदान कर्जखात्यात वळवण्याचा अर्ज द्या आणि वळवल्यानंतरचा उतारा मागून घ्या. उद्योग वाढवायचा असेल, तर पीएमईजीपीत आधीचं कर्ज नीट फेडलेल्या उद्योगाला दुसऱ्या कर्जावर 15 टक्के अनुदानाची तरतूद आहे. त्याची चौकशी त्याच खेपेत करा.